पितळी वॉशर दुसऱ्या कोणी घालू नये

मी, चंचल इस्तारी मांदाडे, वय एकोणतीस, राहणार सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, शिक्षण यंत्र अभियांत्रिकीची पदविका आणि त्यानंतर विशेष शिक्षणाची पदविका, असे लिहून ठेवते की माझे नाव चंचल असले तरी चित्त स्थिर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने लिहीत नाही. आग्रह झालाच असेल तर तो हे लिहू नये असा झाला आहे. "मरणाचे कागद काऊन लिहून राह्यली? आधी लगनाचे लिही," असे आई म्हणाली. त्याची नोंद येथे घेतली आहे, म्हणजे पुन्हा म्हणायची गरज पडू नये.

कारण असे की येत्या आठवड्यात नागपूरला माझे पित्ताशय काढायचे आहे. डॉक्टरांच्या मते ऑपरेशन किरकोळ आहे. मग संमतीपत्रावर इतक्या शक्यता का छापल्या आहेत, असे मी विचारले. ते म्हणाले, ते कोणी वाचत नाही. मी वाचले, आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. भाऊ रोशन याला रागाच्या भरात "तुला माझ्याकडून फुटकी कवडी मिळणार नाही" असे वेळोवेळी तोंडी सांगितले आहे, ते या लेखाने रद्द समजावे.

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, म्हणजे पुढे वाद राहत नाही, असा सल्ला वकिलांनी दिला. हा सल्ला मी शिकवते त्या शाळेत जेवताना सर्वांना सांगितला, ही चूक झाली. त्या दिवसापासून मी कोणाला "सही कराल का" असे विचारले की समोरच्या माणसाचे तोंड उतरते. आमचे स्वयंपाकी सुकलूभाऊ यांना मी विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकले, "मले लिहिता येत नाई." ते दर महिन्याला पगारपत्रकावर लफ्फेदार सही करतात.

कलम १. स्थावर मालमत्ता नाही. खोली भाड्याची आहे. घरमालकांनी माझ्यामागे भिंतीतल्या खिळ्यांबद्दल तक्रार केल्यास त्यांना सांगावे की ते खिळे नसून स्क्रू आहेत, आणि त्यांचे स्वतःचे कपाट त्यांच्यावरच उभे आहे.

कलम २. बँकेतील रक्कम आई इंदिराबाई हिला मिळावी. आकडा लिहीत नाही. तो बँकेला माहीत आहे आणि आईला तोंडपाठ आहे. माझ्या लग्नासाठी तिने करून ठेवलेले कानातले तिचेच आहेत. तिने ते स्वतः घालावेत आणि आरमोरीच्या त्या मुलाचा विषय आता बंद करावा. तो माणूस चांगला होता असे आई अजून म्हणते. मला पाहायला आला तेव्हा त्याने चहा पिता पिता विचारले होते, "तुमच्या शाळेतले पोरं चावत नाई ना?" मी म्हटले, चावतात, पण ओळखीच्या माणसालाच. त्यानंतर त्याने बिस्किट घेतले नाही. त्याला या मृत्युपत्रात काहीही नाही.

कलम ३. बाबांना माझा डोक्याला बांधायचा दिवा द्यावा. पहाटे तलावावर जाळे काढायला ते मोबाइल दातात धरून जातात. दोन मोबाइल असेच पाण्यात गेले आहेत आणि दोन्ही वेळा बाबांनी माशाला दोष दिला.

कलम ४. स्कूटर रोशनला, हेल्मेटसह. एकटी स्कूटर देऊ नये. हेल्मेट नको असल्यास स्कूटर सुकलूभाऊंना द्यावी. त्यांना चालवता येत नाही, पण ते ती पुसून ठेवतील.

कलम ५. माझी हत्यारे शाळेला द्यावीत. येथे शाळा म्हणजे काजवा विशेष निवासी शाळा, मौजा पळसखेडा, जिथे मी खुर्च्या दुरुस्त करायला आले आणि शिकवायला राहिले. आमच्या मुलांपैकी बहुतेकांना एकाहून अधिक अडचणी आहेत. कोणाला दिसत नाही आणि मान सावरत नाही, कोणाला ऐकू येत नाही आणि घासही गिळता येत नाही. म्हणून बाजारातली खुर्ची कोणालाच बसत नाही. प्रत्येकाची वेगळी करावी लागते आणि मूल वाढले की पुन्हा करावी लागते. त्यासाठी ड्रिल मशीन आहे. पाहुण्यांच्या स्वागताचे फलक टांगण्यासाठी ते नाही. हे वाक्य मुख्याध्यापिका नीलाबाई यांनी दोनदा वाचावे.

खुर्च्या आम्ही पुठ्ठ्याच्या थरांवर थर चिकटवून करतो. त्या वाळल्यावर लाकडासारख्या टणक होतात. खळ मैद्याची असावी व कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालावे, असे प्रशिक्षणात सांगितले होते. सुकलूभाऊंनी मोरचूद घातले नाही, कारण मुले खुर्ची चाटतात. हे त्यांचे बरोबर होते. पण मैद्याऐवजी त्यांनी भाताची पेज वापरली, तीत मीठ टाकले आणि चव बघून उतरवली. आमचा विद्यार्थी स्वप्निल याची नवी खुर्ची उन्हात वाळायला ठेवली होती, ती शेजारच्या शेळ्यांनी पाठीच्या आधारापर्यंत खाल्ली. चौकशीत सुकलूभाऊ म्हणाले, "बाई, म्हणजे खळ चांगलीच झाली होती." पुढील खुर्च्यांना बाहेरून रंगाचे दोन हात द्यावेत आणि पेज जेवणातच द्यावी. पान्यांचा संच सुकलूभाऊंना. ते तो अधूनमधून कढई उचलायला वापरतात, हे मला माहीत आहे.

कलम ६. पित्ताशयातील खडे डॉक्टर डबीत घालून देतात. ते नीट उकळून, झाकण पक्के चिकटवून, स्वप्निल याला द्यावेत. स्वप्निलला दिसत नाही, पण कोणत्या डबीत काय आहे हे तो हलवून ओळखतो. तूर, हरभरा, मोहाच्या बिया आणि नीलाबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याला येतात. नवीन आवाज बऱ्याच दिवसांत मिळालेला नाही. मी जिवंत राहिले तरी हे कलम लागू आहे.

कलम ७. अनुदानाच्या तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांनी आमची विद्यार्थिनी दिव्यानी हिला "बेटा, नाव काय तुझं?" असे विचारले. तिला ऐकू येत नाही असे आम्ही सांगितले. त्यांनी तेच मोठ्याने विचारले. तिला दिसतही नाही असे सांगितल्यावर त्यांनी आणखी मोठ्याने विचारले. नवीन शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी माझ्याकडे डोळ्यांची पट्टी आणि कानांचे बोळे आहेत. ते साहेब पुन्हा आल्यास त्यांना दोन्ही लावून सुकलूभाऊंच्या हाताने एक वेळचे जेवण भरवावे. घास कधी येणार हे सांगू नये. जेवण चांगले असावे. उद्देश शिक्षणाचा आहे.

कलम ८. हे कलम मुख्य आहे. वरची सर्व कलमे चुकली तरी चालतील.

दिव्यानी एटापल्लीच्या पुढच्या गावातली आहे. ती जन्मापासून पाहू शकत नाही आणि ऐकू शकत नाही. भिंत धरून चालते, बसायला पट्ट्याची खुर्ची लागते. तिला दिवस कळावा म्हणून तिच्यासाठी एक लांब लाकडी पेटी केली आहे. पेटीला ओळीने कप्पे आहेत आणि प्रत्येकात एक वस्तू. चमचा म्हणजे जेवण. टॉवेलचा तुकडा म्हणजे आंघोळ. काम झाले की ती वस्तू पेटीच्या उजव्या टोकाला असलेल्या झाकणाच्या डब्यात टाकते. डबा पत्र्याचा आहे, वस्तू पडल्याचा धक्का बोटांना कळतो. त्याचा अर्थ "संपलं". डाव्या टोकाचा कप्पा "उद्या" चा आहे. तो बहुतेक रिकामा असतो.

माणसांनाही खुणा आहेत. तिच्याजवळ गेले की आपण आधी आपली खूण तिच्या हाताला लावायची, मग पुढचे काम. सुकलूभाऊ म्हणजे खांद्यावरच्या दुपट्ट्याची गाठ. नीलाबाई म्हणजे जाड मण्यांची माळ. मी म्हणजे डाव्या मनगटावर ट्यूबच्या रबराची पट्टी आणि तीत ओवलेले पितळी वॉशर. ते चाकाच्या जुन्या आसातले आहे आणि झिजून गुळगुळीत झाले आहे.

गेल्या वर्षी मी प्रशिक्षणासाठी नागपूरला गेले. दिव्यानीने जेवण सोडले. नीलाबाई घाबरल्या. त्यांनी माझ्या खणातले नवे वॉशर काढून रबरात ओवले, मनगटावर चढवले आणि ताट घेऊन दिव्यानीसमोर बसल्या. दिव्यानीने वॉशर चाचपले आणि हसली, असे सर्व सांगतात. मग तिने नीलाबाईंचा हात नाकाशी नेला. माझ्या हाताला ग्रीसचा वास असतो. नीलाबाईंच्या हाताला चमेलीचे तेल होते. दिव्यानीने ते वॉशर त्यांच्या मनगटातून ओढून काढले, भिंत धरून पेटीपर्यंत गेली आणि डब्यात टाकले. म्हणजे मी संपले.

मी परत आले तेव्हा माझ्या हातात माझे खरे वॉशर होते, पण हाताला ग्रीसचा वास उरला नव्हता. एकदा फसल्यावर तिने तेही काढून घेतले आणि डब्यात टाकले. त्या वेळी खरी मी आणि खोटी मी, दोघीही डब्यात होतो आणि शाळेत माझ्या जागी बिनखुणेची एक अनोळखी बाई काम करत होती. डब्यात गेलेली माणसाची खूण मोठ्यांनी परत काढायची नाही, हा नियम मीच केला होता, त्यामुळे मला तो मोडता येईना. सुकलूभाऊ मला रोज सकाळी विचारत, "बाई, आज जिवंत आहा का?"

नीलाबाईंशी माझे याच काळात भांडण झाले. त्या म्हणाल्या, "लेकरू उपाशी होतं. मी का करू? तुझी वाट पाहू?" मी म्हणाले, भूक लागली की ती जेवली असती. तिला खोटे सांगायला नको होते. त्या म्हणाल्या, "मशीन आणि लेकरू यांत तुले फरक कळत नाई." मी म्हणाले, मशीनला मी कधी खोटे सांगितले नाही. यानंतर आम्ही बराच काळ फक्त नोंदवहीतून बोललो.

मग एक दिवस दिव्यानीच्या खुर्चीचा पट्टा घसरू लागला. बाकीचे पट्टा ओढून बकल लावतात. मी आधी पट्टा आणि पोट यांच्यामध्ये चार बोटे घालून पाहते, मग आवळते, मग पुन्हा बोटे घालते. मी तशी बोटे घातली तेव्हा ती थांबली. माझ्या मनगटावर हात फिरवला. तिथे काही नव्हते. बकल काढायला लावून ती उठली, मला ओढत पेटीपाशी नेले, डब्याचे झाकण उघडले आणि आत हात घातला. एक वॉशर काढून अंगठ्याने त्याची कड तपासली आणि परत टाकून दिले. दुसरे काढले, तपासले आणि माझ्या मनगटात चढवले. परत टाकलेले ते नवे होते, मनगटात आले ते माझे झिजलेले.

नियम मोडला तो मुलानेच मोडला, म्हणून मी नोंद "शिकण्याची प्रगती" या रकान्यात केली.

यावरून मी पुढील सूचना करते.

(अ) मी वारल्यास माझे वॉशर दुसऱ्या कोणी घालू नये. प्रेमाने नाही, जेवणासाठी नाही, एका दिवसासाठीही नाही. नव्या शिक्षिकेने स्वतःची खूण घ्यावी.

(आ) माझा कामाचा एप्रन त्याच दिवशी धुवावा. वास राहिला तर तोही खोटे सांगतो.

(इ) शाळेत माझा हार घातलेला फोटो लावू नये. ज्यांना कळवायचे आहे त्यातल्या बऱ्याच जणांना तो दिसणार नाही. भिंतीला उगाच एक भोक पडेल, आणि ते माझ्याच ड्रिलने.

(ई) दिव्यानीला माझ्याजवळ आणावे. वॉशर माझ्या मनगटावरच ठेवावे आणि तिला हात लावू द्यावा. हात थंड लागेल. तो तसाच लागू द्यावा. चार बोटे, मनगट, रबर, जे चाचपायचे ते चाचपू द्यावे. वॉशर तिने स्वतः काढावे. ती काढत नसेल तर ते माझ्याबरोबर जाऊ द्यावे.

या सूचनेवर आमच्या घरी आक्षेप निघेल, हे मी जाणते. लहान मुलीला मयतीत आणतात का, असे आईने आताच विचारले आहे. मी दिव्यानीची आई सुकरी हिला विचारले. ती कमी बोलते. तिने सांगितले, "माझी सासू मेली तवा हिले जवळ नाई नेलं. ही रोज जाऊन तिच्या खाटेपाशी बसे. हात फिरवे. खाट दिली दुसऱ्याले, तरी त्याच जागी बसे." मग म्हणाली, "आनजा तिले." हे मी आईला जसेच्या तसे सांगितले. आईने पदराने भांडे पुसले, जे आधीच पुसलेले होते, आणि म्हणाली, "आन मग. पण जेवून जाईन म्हना ते लेकरू."

(उ) दिव्यानीला आणण्याचे काम नीलाबाईंनी करावे. दुसऱ्या कोणी नाही.

हे वाचून नीलाबाई चष्मा काढून बसल्या. मी साक्षीदार म्हणून त्यांची सही मागितली होती, म्हणून त्या आधीच नाराज होत्या.

"म्हणजे मले काहीच नाई," त्या म्हणाल्या. "ना पाना, ना दिवा. शेळ्यांचं नाव आलं, माझं नाई."

मी म्हणाले, ड्रिलमध्ये आले आहे, गोळ्यांमध्येही आले आहे.

"आणि वरून हे काम. मीच काऊन? मीच तर फसवलं तिले."

मी सांगितले, म्हणूनच. खोटी मी तिला तुमच्या हातून मिळाली होती. खरे तुमच्याच हातून कळले तर तिला हिशोब लागेल. शिवाय तुमची माळ तिला ओळखीची आहे आणि त्या दिवशी तिला धरायला ओळखीचे काहीतरी लागेल.

नीलाबाईंनी माळेतले मणी पुढे-मागे केले. मग विचारले, काम मिळणे हा लाभ धरतात का, नाहीतर सही बाद व्हायची. वकिलांना फोन केला. ते म्हणाले, काम मिळणे हा लाभ नाही. "हे सरकारले कळते, तुले नाई," असे त्या मला म्हणाल्या आणि पेन शोधू लागल्या.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी सहकारी प्रिया हिने करावी. शाळेत कोणत्याही वस्तूसोबत आलेली माहितीपत्रिका शेवटपर्यंत वाचणारी ती एकटी आहे. तिला काही ठेवलेले नाही. विचारले तेव्हा ती म्हणाली, कलम सहाचे खडे उकळायचे कोणी, एवढे फक्त स्पष्ट करा. सुकलूभाऊंनी. स्वयंपाकाच्या भांड्यात नाही.

कलम १०. वरील मजकूर लिहून झाल्यावर आज दुपारी झालेली गोष्ट पुरवणी म्हणून जोडते. ऑपरेशनच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही, म्हणून वॉशर येथेच ठेवावे लागणार आहे. मी ते काढून दिव्यानीच्या तळहातावर दिले आणि तिच्या हातावर "जाते" ही खूण केली. "येते" ही खूण केली नाही, कारण संमतीपत्र मी वाचलेले आहे. नीलाबाई दारात उभ्या होत्या.

दिव्यानी वॉशर घेऊन पेटीपाशी गेली. कप्पे चाचपत उजव्या टोकाला आली आणि डब्याचे झाकण उघडले. नीलाबाई पुढे आल्या, मी त्यांना थांबवले. दिव्यानीने आत हात घालून तळ तपासला, झाकण लावले आणि तशीच उलट चाचपत डाव्या टोकाला गेली. वॉशर तिने "उद्या" च्या कप्प्यात ठेवले. मी उद्या येणार नाही, बरेच दिवस लागतील, असे तिच्या हातावर सांगायला गेले. तिने माझा हात बाजूला केला, आपली चार बोटे कप्प्यात घालून वॉशर नीट बसले आहे का ते पाहिले आणि जेवायला गेली.

तरी रोज सायंकाळी पेटी भरताना प्रियाने त्या कप्प्याला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी मी आले नाही तरी वॉशर तिथेच राहू द्यावे, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. हे कलम मी जिवंत आहे तोवर लागू आहे. कलम आठ त्यानंतर.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, दोन ठिकाणी शब्द दुरुस्त केले आणि दुरुस्तीपाशी सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

ठिकाण: मौजा पळसखेडा, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

(सही) चंचल इस्तारी मांदाडे

साक्षीदार
१. (सही) नीलाबाई, मुख्याध्यापिका. मला या लेखात काहीही मिळालेले नाही, हे मी वाचले. चमेलीचे तेल आजपासून बंद केले आहे.
२. (सही) सुकलू, स्वयंपाकी. पान्यांचा संच नको, तो तसाही माझ्याजवळच आहे. स्कूटरही नको. म्हणून सही करतो. बाईंनी परत यावे.